बिरोबा उजव्या हाताला

सारजाबाईला एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगणं म्हणजे ती करायला लावणं, हे डाळजच्या माळाकडेच्या वस्तीवर पोराटोरांनाही ठाऊक आहे. दुधाच्या गाडीवाल्यानं एकदा सहज म्हटलं होतं की बायकांना लुना झेपायची नाही. झालं! चाळिशी उलटलेल्या ह्या बाईनं दिराची लुना दोनदा ओढ्यात घातली, गुडघे फोडून घेतले, आणि पुढच्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंना किटल्या लावून त्याच गाडीवाल्याच्या पुढून भिगवणला गेली. दीर दादासो आजही ती लुना दाखवून सांगतो की हिचं मडगार्ड वहिनीनं वाकवलंय, सरळ करायचं नाही.

नवरा जोतीराम अगदी दुसऱ्या टोकाचा. पाटाकडेच्या वाटेनं कोणी बागायतदार समोरून आला की जोतीराम आधीच कडेला होऊन उभा. सगळा जन्म मेंढरामागं गेला आणि दुसऱ्याच्या रानातून जायचं म्हणजे आवाज चढवून चालत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याच्या वाटणीचं भांडणही आपल्यालाच भांडावं लागतं, असं सारजा म्हणते, आणि ते खोटं नाही.

त्यांचा माळ म्हणजे कागदोपत्री सरकारी गायरान. पण मधोमध हिवराखाली बिरोबाचं थान, आणि त्या थानाभोवती वस्तीची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरलेली. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुवायची, शिंगं रंगवायची आणि कळप घेऊन देवाभोवती माळाची फेरी घालायची. फेरी जिथून सुरू केली तिथं येऊन टेकली की मग भंडारा उधळायचा, नारळ फोडायचा. त्याच्याआधी नाही.

पुढं मेंढरं गेली. चराईला रान उरलं नाही, पोरं नोकरीला लागली, जोतीरामनं कळप विकून गाई घेतल्या आणि तुकडाभर ऊस लावला. तरी पाडव्याची फेरी चालू होती, नुसत्या माणसांची. मग माळावर गोल्फचं मैदान आलं. जागा सरकारी, म्हणून एका समितीला ती देताना अट घातली होती की मैदान सगळ्यांसाठी खुलं राहील. तसा बोर्डही फाटकावर लागला. भोवती तार आली, आत पाणी फिरलं, आणि जिथं कुसळं टोचायची तिथं गादीसारखं गवत उगवलं. थानाला कोणी हात लावला नाही, हे समितीच्या बाजूनं सांगायला हवं. उलट चौथऱ्याला चुना देऊन घेतला. फक्त चेंडू पाडायच्या नऊ भोकांवरचे झेंडे थानाभोवती असे मांडले की खेळणारे देवाला वळसा घालत फिरायला लागले आणि देवाची माणसं तारेबाहेर राहिली.

पहिल्या पाडव्याला वस्ती नारळ घेऊन गेली तर फाटकावरच अडवली. व्यवस्थापक इंद्रजित, जळोचीचा, शिकलेला पोरगा, बोलायला गोड. त्यानं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि समजावलं की चेंडू दगडासारखा येतो, कोणाच्या कपाळात बसला तर जबाबदारी कोणाची? दर्शन इथूनच घ्या, नारळ मी स्वतः नेऊन फोडतो. नाहीतर दिवाळी झाल्यावर सोमवारी या, मैदान बंद असतं. देवाचा दिवस पाडवा आहे, सोमवार नाही, असं सारजा म्हणाली. पण जोतीरामनं तोवर तारेतूनच हात जोडले होते आणि नारळ इंद्रजितच्या हातात दिला होता. सारजा त्या दिवशी जेवली नाही आणि नवऱ्याशी बोललीही नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं.

तिसऱ्या वर्षी नवरात्र सरलं तशी सारजा एका सकाळी दूध घालून येताना फाटकापाशी थांबली आणि तो बोर्ड तिनं अक्षर लावून लावून वाचला. घरी येऊन नातीला, स्वरालीला, म्हणाली, "त्या मोबाइलवर बघ गं, पाडव्याच्या सकाळचा पहिला नंबर मिळतो का खेळाचा."

स्वराली बारामतीला कॉलेजात शिकते. तिला वाटलं आजी चेष्टा करते. पण आजीचं साधं गणित होतं. तारेच्या आत देवाभोवती फिरायला फक्त खेळणाऱ्याला मुभा आहे ना, मग आपण खेळणारे व्हायचं. नंबर मिळाला. एका वेळी चौघं लागतात, तर सारजा, स्वराली, दादासो आणि चौथा जोतीराम अशी नावं घातली. जोतीराम म्हणाला, मला त्यातलं काही जमायचं नाही, माझं नाव काढ. सारजानं काढलं नाही.

इंद्रजितला कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग त्यानं एकेक नियम पुढं करायला सुरुवात केली. नवीन माणसानं आधी फाटकाशेजारच्या पट्टीवर सराव करायला हवा. केला. सारजा तीन रविवार तिथं काठी फिरवत होती. गोफणीनं पाखरं हाकलण्यात जिचा जन्म गेला तिचा नेम पहिल्याच दिवशी बसला, असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. चेंडू जागेवर आणि माती अंगावर, असा तिचा खेळ होता. पायात बूट हवेत. दादासोनं बाजारातून कॅनव्हासचे चार जोड आणले. अंगात कॉलरचा कपडा हवा. इथं मात्र इंद्रजितला वाटलं आता बाई अडली, कारण सारजा लुगडं सोडणार नाही हे त्यालाही कळत होतं. सारजा भिगवणच्या विजयमाला शिंपिणीकडं गेली आणि तिनं चोळीला कॉलर शिवून घेतली. विजयमाला हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसली, पण कॉलर तिनं ताठ बसवली, आत कॅनव्हास घालून.

मग रोज संध्याकाळी गाईंच्या धारा काढून झाल्या की खाटेवर बसून बेत चालायचा. खेळ मंद झाला तर मागचे ओरडतात, म्हणून एका झेंड्याला फार टोले झाले की चेंडू उचलायचा आणि पुढं चालायचं, ही सवलत सारजानं इंद्रजितकडूनच वदवून घेतली होती. वाळूचे खड्डे कुठं, तळं कुठं, हे तिनं तारेबाहेरून हिंडून पाहिलं. सकाळचं वारं उजनीच्या पाण्याकडून येतं तेव्हा कोणत्या अंगानं मारायचं, भाकरी कोणी घ्यायची, भंडारा कोणाच्या कमरेला, सगळं ठरलं. मेंढरं घेऊन कोकणपट्टीला उतरताना तिच्या सासऱ्यानंही एवढा विचार केला नसेल, असं दादासो म्हणाला.

पाडव्याला पहाटे सारजानं नवऱ्याला ओवाळलं. त्यानं ताटात नवी साडी ठेवली. तिनं ती उचलली नाही. ती म्हणाली, साडी राहू द्या, आज माझ्याबरोबर चला. जोतीराम खाली बघत राहिला. फाटकापर्यंत मात्र तो आला, दरवर्षीसारखा, नारळ आणि मेंढरामागची जुनी काठी घेऊन.

बाकीचे तिघं आत गेले. फाटकाजवळच खेळ सुरू करायची जागा, आणि तिच्या शेजारीच शेवटचा झेंडा. सुटीचा दिवस, पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली, चारचौघं कौतुकानं त्या कॉलरवाल्या चोळीकडं बघत होती. इंद्रजितनं हात करून पहिला झेंडा दाखवला, तिकडं ओढ्याच्या अंगाला.

सारजानं तिकडं तोंड केलं, काठी उचलली, आणि तशीच खाली ठेवली. थान तिच्या डाव्या हाताला आलं होतं.

सगळा बेत झाला होता आणि एवढंच कोणी पाहिलं नव्हतं. मोबाइलवर नकाशा होता, त्यावर नंबरही होते, पण ते बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. देवाला वळसा घालायचा तर देव उजव्या हाताला ठेवून. ह्यात विचारायचं काय होतं? आणि हा खेळ थेट उलटा फिरत होता. स्वरालीला रडू यायला लागलं. दादासो म्हणाला, वहिनी, एवढ्या वर्षी चालवून घेऊ, देव समजून घेईल. सारजाचा राग आधी स्वतःवरच होता, तो त्याच्यावर निघाला. डाव्या हातानं मढ्याभोवती फिरतात, ती म्हणाली, बिरोबा मेलाय का?

इंद्रजितचा चेहरा मोकळा झाला, हे तिनं पाहिलं. तो समजुतीनं म्हणाला की मावशी, चुकलं असेल, काही हरकत नाही, तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात घेऊ. उलट्या बाजूनं मात्र कुणालाच सोडता येणार नाही, समोरून चेंडू येतात. आणि खरं होतं ते. त्यात त्याचा लबाडपणा नव्हता.

सारजा न ओरडता मैदानभर नजर फिरवत उभी राहिली. तिला ओळखणाऱ्यांना तिच्या आरडाओरड्यापेक्षा ह्याची जास्त भीती वाटते. मग तिनं विचारलं, समोरून कोणीच येत नाही अशी वेळ कोणती? इंद्रजित बोलून गेला की दुपारी जेवणं झाल्यावर इकडं कोणी फिरकत नाही, उन्हात कोण मरायला येतंय. बोलला आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. सारजा मागच्या रांगेकडं वळली. तिथं पुण्याची एक बाई लेकराबाळांना घेऊन नंबराची वाट बघत होती. आमचा नंबर तुम्ही घ्या, सारजा तिला म्हणाली, तुमच्यामागचे सगळे एकेक घर पुढं सरका, दुपार तेवढी आम्हाला ठेवा. रांगेत कोणाला नको होतं? ती पुण्याची बाईच इंद्रजितला म्हणाली, "देऊन टाका की त्यांना दुपार. तुमचं काय जातं?"

गिऱ्हाइकापुढं त्याला नाही म्हणता येईना. त्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं, "मावशी, उलटं खेळलेलं खेळात धरत नाहीत."

"नका धरू," सारजा म्हणाली.

मग तो म्हणाला की ठीक आहे, पण मधेच कोणी खेळायला आलं तर असाल तिथं थांबायचं आणि बाहेर यायचं. सारजा ह्याला हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. काठ्यांची पिशवी उचलून ती बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली.

तिथं जोतीराम होता. त्याचे तारेतून हात जोडून झाले होते. भाकरी सोडली, ठेचा वाटला गेला, पण सारजानं आपली भाकरी तशीच परत बांधून ठेवली. जोतीराम हळूच म्हणाला की कशाला एवढा जीव काढतेस, देव काय हितनंबी दिसतोय.

"तुमाला दिसतोय," सारजा म्हणाली. "पर देवाला तुमी दिसता का, तारंमागं? ह्यो तिसरा पाडवा हाय. त्याला वाटत आसंल, जोतीराम मेला."

जोतीरामनं भाकरी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि थानाकडं बघत बसला. सारजालाही बोलून झाल्यावर वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यायची तिला सवय नाही.

ऊन डोक्यावर आलं. पुण्याच्या गाड्या एकेक करून गेल्या, मैदान रिकामं झालं. तिघं फाटकातून आत शिरले आणि मागून बुटांचा आवाज आला. जोतीराम बुटाच्या नाड्या तशाच लोंबत सोडून, नारळ काखेत आणि काठी हातात घेऊन येत होता. पहारेकऱ्यानं त्याला हटकलं. सारजा मागं न बघता म्हणाली की चौथं नाव त्यांचंच आहे.

फेरी शेवटच्या झेंड्यापासून सुरू झाली. थान उजव्या हाताला. खेळाबद्दल जेवढं कमी सांगावं तेवढं बरं. दादासोचा चेंडू तळ्यात गेला आणि तो सुटल्यासारखा नुसता चालू लागला. स्वराली त्यातल्या त्यात बरी. सारजाचा चेंडू सशासारखा दोन उड्या मारायचा आणि बसायचा. वाळूच्या एका खड्ड्यात तिनं एवढी वाळू उपसली की दादासोनं विचारलं, विहीर काढतेस का वहिनी. तिला उचलायची सवलत होती, पण ती प्रत्येक झेंड्यापाशी चेंडू भोकात पडल्याशिवाय हलली नाही. खेळणारी म्हणून आत आले ना, मग खेळणारच, असं तिचं म्हणणं. घामानं कॉलर भिजली तरी ताठच होती. आणि जसजसं थान बाजूनं सरकत गेलं, हिवराची सावली दुसऱ्या अंगानं दिसायला लागली, तसा जोतीराम, जो इतका वेळ मागून चालत होता, तो बरोबरीनं चालायला लागला. इथं ढवळी मेंढी व्यायली होती, तो म्हणाला. इथं बापानं मला पहिल्यांदा काठी दिली. सारजाला हे सगळं ठाऊक होतं, तरी ती ऐकत राहिली. तीन वर्षांत तो एवढं बोलला नव्हता.

पहिल्या झेंड्याजवळ आले. आता तिथून सुरुवातीच्या जागेपर्यंतचा एवढा एक पट्टा राहिला होता. तो चालून गेलं की फेरी पुरी आणि मग नारळ.

तेवढ्यात सुरुवातीच्या जागेवर एक गाडी येऊन थांबली. वडगाव निंबाळकरचे सावळारामतात्या. मोठे बागायतदार, समितीवर असलेले. ऊन कलायला लागलं की येऊन एकट्यानं खेळायची त्यांची जुनी सवय, आणि ती इंद्रजित घाईत विसरला होता. तात्यांनी काठी काढली, चेंडू मांडला आणि समोर पाहिलं तर लुगडं नेसलेली बाई उलट्या बाजूनं त्यांच्याकडंच चालत येत होती. ते इंद्रजितला काहीतरी म्हणाले. इंद्रजित दोन्ही हात हलवत धावत निघाला, थांबा, बाजूला व्हा, कडेनं बाहेर या.

दादासो कडेला झाला. स्वराली आजीकडं बघायला लागली. सारजा जागची हलली नाही. चेंडू तिच्या पायाशी होता. इथून बाहेर गेलं की सकाळपासूनचं, तीन वर्षांचं, सगळं अर्धवट राहणार होतं, आणि तिच्याकडं आता ना नियम उरला होता ना युक्ती. "म्या न्हाय जात," ती म्हणाली, पण ते जेमतेम जवळच्यांनाच ऐकू आलं.

जोतीरामनं नारळ स्वरालीच्या हातात दिला आणि तो चालायला लागला. धावला नाही. इंद्रजित समोरून आला, त्याला ओलांडून जोतीराम पुढं गेला. हमरस्त्यावरून मेंढरं पार करताना ट्रक येत असला की तो असाच जायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत. सरळ तात्यांच्या पुढ्यात जाऊन त्यानं काठी दोन्ही हातांत आडवी धरली आणि उभा राहिला.

ह्याच तात्यांच्या रानात त्यानं खतासाठी वर्षानुवर्षं मेंढरं बसवली होती. रात्र रात्र राखण केली होती, आणि देतील ते धान्य घेऊन, वाकून, निघून आला होता. तात्यांनीही त्याला ओळखलं.

"जोत्या?" ते म्हणाले. "बाजूला हो. मला खेळायचंय."

"तात्या, तुमी थांबा," जोतीराम म्हणाला. "आमची फेरी चाललीया."

इंद्रजित जागच्या जागी उभा राहिला. तात्यांनी एकदा जोतीरामकडं पाहिलं, एकदा काठीकडं. माणूस म्हातारा होता, काठी साधी होती. ढकलला असता तर पडला असता. पण तात्यांनी ढकललं नाही. कदाचित लाज वाटली असेल, कदाचित एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून असा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. त्यांनी रुमालानं मान पुसली.

मागं सारजाचा टोला चुकला. माती उडाली, चेंडू होता तिथंच. दुसराही चुकला. तिसऱ्याला तो दोन हात सरकला आणि थांबला. ती दोन पावलं पुढं आली.

"किती वेळ लागणार आहे असं?" तात्यांनी विचारलं.

"लागंल तेवढा," जोतीराम म्हणाला.

मागं वळून न बघता तो काठी आडवी धरून उभाच राहिला, आणि त्याच्या पाठीमागं सारजानं टोला मारायला पुन्हा हात उचलला.